हिवाळ्यापूर्वी गच्चीवरील सौर बंब हलवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व समिती सदस्य,
आपली गृहनिर्माण संस्था, देवपूर, धुळे

विषय : टाकीच्या सावलीतील सौर बंबाचे संच थंडीपूर्वी हलवणे व त्यासंबंधीची खबरदारी

महोदय,

आपल्या गावची थंडी समितीला सांगायला नको. येथील कृषी महाविद्यालयाच्या नोंदीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. अशा दिवसांत गेल्या वर्षी आपल्या चोवीस घरांना सकाळी जेमतेम कोमट पाणी मिळाले. यंदा ती वेळ पुन्हा येऊ नये, म्हणून दिवाळीच्या अभ्यंगस्नानापूर्वीच हे पत्र देत आहे.

सौर बंब बिघडला आहे, असा समज गेल्या वर्षी झाला आणि आलेल्या कारागिराने नळ्यांतील क्षार काढून बिल घेतले. बोअरच्या पाण्यामुळे क्षार धरतात हे खरे, परंतु मूळ कारण वेगळे आहे. वरच्या मजल्यावर पाण्याला जोर मिळावा म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात आपण दोन्ही टाक्या दहा फूट उंच लोखंडी मांडणीवर चढवल्या, आणि ही मांडणी सौर संचांच्या नेमकी दक्षिणेस, आठ फुटांवर आली. काम झाल्यावर आपण सर्वांनी भर दुपारी गच्चीवर जाऊन पाहणी केली, तेव्हा टाक्यांची सावली टाक्यांखालीच होती आणि कोणालाच काही वावगे दिसले नाही. दिसणारही नव्हते, कारण मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात धुळ्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला मात्र तोच सूर्य मध्यान्हीसुद्धा दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच राहतो, म्हणजे वस्तूची जितकी उंची तितकीच तिची सावली उत्तरेकडे पडते. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. मे महिन्यात ही गोष्ट माझ्याही लक्षात आली नाही, याची खंत आहे.

गेल्या डिसेंबरात तीन दिवस मी स्वतः गच्चीवर बसून पाहिले. अकराच्या सुमारास सावली पश्चिमेकडील पहिल्या संचावर येते आणि दुपारी दोनपर्यंत एकेका संचावरून सरकत जाते. दिवस लहान, ऊन तिरपे, आणि त्यातले पाणी तापण्याचे तीन तास असे वाया जातात.

टाक्या पुन्हा उतरवणे खर्चिक आहे आणि खाली खांबांचा आधार पाहता त्यांची जागा बदलणेही सोपे नाही. त्याऐवजी संच टाक्यांच्या दक्षिणेस, कठड्याची सावली टाळून बसवावेत, असे मला वाटते. त्यासाठी सुमारे चाळीस फूट नळ वाढवावा लागेल, व त्याच वेळी गरम पाण्याच्या सर्व नळांवर जाड आवरण चढवून घ्यावे. जुने आवरण उन्हाने तुकडे होऊन गळून पडले आहे, त्यामुळे उरलीसुरली उष्णताही रात्रभरात वाऱ्यावर जाते. गच्ची व तेथील नळव्यवस्था सामाईक असल्याने हा खर्च दुरुस्ती निधीतून व्हावा. जाता जाता एक विनंती : भरीत पार्टीसाठी कपाशीच्या काड्या पेटवायच्या, तर त्या संचांपासून दूर पेटवाव्यात. वांगी छान भाजली जातात, पण काजळी नळ्यांच्या काचेवर बसते. (मीही त्या पंगतीत होतो.)

या पाण्याच्या प्रश्नाला एक गंभीर बाजू आहे. सोलरचा भरवसा राहिला नाही म्हणून काही घरांनी गॅस गिझर घेतले व ते थेट न्हाणीघरात बसवले. त्यांत आमचेही घर होते. थंडीमुळे झरोका बंद ठेवलेला, आत गिझर चालू. माझी नात भिंतीला धरत बाहेर आली आणि दारातच बसली. बंद जागेत गॅस अपुरा जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे तो साचल्याचे कळत नाही, आणि तो श्वासातून शरीरात गेला की माणसाला उठून दार उघडण्याचे भानही राहत नाही. आम्ही दुसऱ्याच दिवशी गिझर बाहेर गॅलरीत लावला. इतर घरांनीही तसे करावे, अशी सूचना समितीने फलकावर न लावता प्रत्येक घरी जाऊन द्यावी.

हाच वायू वॉचमन काकांच्या खोलीतही होतो. रात्री दार लावून ते घमेल्यात कोळसे पेटवतात. त्यांना रागावण्यात अर्थ नाही, कारण त्या पत्र्याच्या खोलीत दुसरी सोयच नाही. त्यांना जाड रजई व विजेचा हिटर द्यावा, त्याचे बिल संस्थेने भरावे आणि खोलीला वरच्या बाजूस एक झडप ठेवावी.

येत्या रविवारी सकाळी समितीने गच्चीवर यावे. नव्या जागेवर मी खडूने खुणा करून ठेवल्या आहेत. प्लंबरलाही त्याच वेळी बोलावल्यास अंदाजपत्रक तेथेच घेता येईल.

आपला विश्वासू,
सदनिका क्र. ४०२