जेवणाच्या रांगेत दाखला कशाला?

संपादक महोदय,

शाळेत सरकारी खर्चाने मिळणारं मोफत जेवण फक्त गरिबांच्या मुलांना द्यावं की सरसकट सगळ्यांना, हा वाद पुन्हा रंगला आहे. ‘श्रीमंतांच्या पोरांना फुकट का?’ हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. माझी सगळी नोकरी शाळेच्या कार्यालयात झाली, सवलतीचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे, म्हणून लिहिते.

उत्पन्नाचा दाखला मागितला की आधी गळतात ती गरजू घरंच. कुणाकडे कागद नसतो, कुणाची मजुरी बुडते, कुणी लाजेपायी अर्जच भरत नाही. एक मुलगी मधल्या सुट्टीत ‘भूक नाही’ म्हणत वर्गातच बसून राहायची. यादीतलं नाव मैत्रिणींना कळू नये, एवढ्यासाठी. आणि तिचा अर्ज मंजूर झालेला होता!

फिनलंडमध्ये १९४८पासून सगळ्याच विद्यार्थ्यांना मोफत जेवण मिळतं. अमेरिकेत कोविडकाळात अर्जाची अट उठवली होती. २०२२मध्ये ती परत आली, तेव्हा कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी स्वतःचा निधी घालून सर्वांचं जेवण चालू ठेवलं.

खर्च वाढेल, हे मान्य. पण श्रीमंतांकडून पैसे घ्यायचे तर कर आहेत की! त्यासाठी मुलांच्या पंगतीत भेद नको. भांडायचंच असेल तर जेवणाच्या दर्जावरून भांडा, रांधणाऱ्या बायकांच्या तुटपुंज्या मानधनावरून भांडा. तिथे मी तुमच्यासोबत आहे.

– एक निवृत्त शालेय लिपिक