माडीवर राहून गेलेल्या मुलीस

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा जुना नंबर लागत नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्या बचत गटातल्या बायकांनाही ते वाचायचंय.

त्या दिवाळीतलं बिल आठवतं ना? दोन किलो चकली 380 च्या भावाने आणि दीड किलो शंकरपाळे 320 च्या भावाने. टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर मी ओळीने बटणं दाबत गेले आणि 1620 आले, तेवढेच घेतले. दुसऱ्या दिवशी त्या बाई परत आल्या आणि चार माणसांत म्हणाल्या, 380 रुपये जास्त घेतलेत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. हिशोबाची वही माझ्याकडे सोपवली होती ती विश्वासाने.

तू जिन्यावरून उतरत होतीस. कॉलेजला उशीर होत असतानाही चप्पल काढून शेजारी बसलीस. माझ्याच फोनवर गूगलच्या चौकटीत अख्खी ओळ लिहायला लावलीस: 380*2+320*1.5. गुणिलेसाठी फुली नाही, चांदणी, हे तेव्हा कळलं. उत्तर 1240. मग तू उलगडून सांगितलंस. टेबलावरचं यंत्र दाबू तसं पुढे जातं. त्याने 760 मध्ये 320 मिळवले आणि त्या सगळ्या 1080 ची दीडपट केली. फोनवरचं आधी दोन्ही गुणाकार करतं आणि मग बेरीज. शिवाय लिहिलेली ओळ समोर राहते, त्यामुळे बोट कुठे चुकलं तेही दिसतं.

पण तुझे खरे आभार मानायचेत ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ‘बरोबर’चं चिन्ह दाबण्याआधी तू माझा हात धरायचीस. “काकू, आधी तोंडाने सांगा किती येईल, मग दाबा.” मी सहज म्हणून गेले, तीन दिडं साडेचार, म्हणजे तीनशेवीसची दीडपट साडेचारशेच्या थोडी वर. तू चकित होऊन विचारलंस, हे कुठे शिकलात? माझ्या वडिलांनी दिवेलागणीला ओट्यावर बसवून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे, पाठ करून घेतले होते. मला वाटायचं, आता त्याचा काय उपयोग. तू मात्र संध्याकाळी वही घेऊन आलीस आणि माझ्याकडून पावकी अन् दिडकी उतरवून घेतलीस. सातवीनंतर शाळा सुटलेल्या बाईला इतक्या मानाने कुणी काही विचारलं नव्हतं गं.

टक्क्यांचंही तसंच. बेसन लाडवाला किलोमागे 400 खर्च, त्यावर 25 टक्के चढवून आपण 500 लावले. एका मोठ्या ऑर्डरला मी 25 टक्के सूट द्यायला निघाले होते. मला वाटलं, नफा सोडला तर निदान मुद्दल निघेल. तू टाइप करायला लावलंस, 500*0.75. आले 375! किलोमागे 25 रुपये पदरचे गेले असते, 40 किलोंना 1000. चढवताना टक्के 400 चे आणि उतरवताना 500 चे, हे तू पाटीवर लिहून दाखवलंस. ती पाटी मी अजून पुसलेली नाही. घसघशीत सूट मागणारं गिऱ्हाईक आलं की आधी तिच्याकडे बघते.

आता महिन्याच्या बैठकीत फोन मधे ठेवतो. शेकडा दोनने घेतलेल्या 5000 वर महिन्याचे 100, मुद्दलातले 500 फेडले की पुढच्या महिन्याला 90, हे जिचं कर्ज तीच टाइप करून बघते. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजींना अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. त्या आकडा आधी मोठ्याने बोलतात आणि मगच दाबतात.

यंदाच्या चकलीचा पहिला घाणा काढला की तुझा डबा बाजूला ठेवणार आहे. नवा पत्ता कळव. आणि हो, कुरिअरचे पैसे विचारू नकोस.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू