शिवारातल्या केबलचोऱ्या आणि आपली पोरं : ग्रामपंचायतीचं आवाहन

समस्त गावकरी, माहेरवाशिणी आणि पोटासाठी पुण्या-चाकणला गेलेली आपली माणसं, सर्वांना ग्रामपंचायत व ग्रामसुरक्षा दलाचा नमस्कार.

दिवाळीपासून शिवारात केबलचोऱ्या थांबेनात. विहिरीवरची केबल कापायची, ओढ्यात नेऊन जाळायची आणि निघालेलं तांबं भंगारात घालायचं. चोराच्या हाती चार पैसे पडतात. शेतकऱ्याला मात्र नवी केबल घ्यावी लागते आणि तोवर गव्हाची पाण्याची पाळी हुकते ती वेगळीच.

पहिली चोरी झाली तेव्हा सगळ्यांची बोटं पारध्यांच्या वस्तीकडे गेली. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, पुढे पारधीही त्यांत आले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी आपण अजून तसंच वागतो. त्या वस्तीची आम्ही इथे जाहीर माफी मागतो. कारण गस्तीत सापडली ती दोन्ही पोरं आपल्याच आळीतली निघाली.

एकाच्या घरची गोष्ट आपल्याला माहीत आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात कुजलं. हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता, पण विकायला माल तर हवा! सावकाराचं व्याज चढलं, ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतले, आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर गेले. पोराचं कॉलेज सुटलं. घरी तो आणि आजी. पाणी पुष्कळ घरांत शिरलं, चोरी दोघांनीच केली, हे खरं. चोरी माफ करा असं आम्ही म्हणत नाही. ज्याची केबल गेली त्याचीही जमीन दोनच एकर आहे. पण नुसत्या गस्तीनं हे थांबायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळातली म्हातारी माणसं अजून सांगतात, सरकारनं वाटलेली सुकडी खायला होती आणि नालाबंडिंगवर, म्हणजे ओढ्याला बांध घालायच्या सरकारी कामावर, हजेरी लागत होती, म्हणून घरं तगली.

भारतीय न्याय संहितेत ५,००० रुपयांच्या आतल्या पहिल्या चोरीला, वस्तू किंवा किंमत परत केली तर, समाजसेवेची शिक्षा आहे. निकाल कोर्ट देईल. पण त्यानंतर ही पोरं कुठे जाणार, हे आपण ठरवायचं आहे.

म्हणून मागणं असं. मोटार रिवाइंडिंगची, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायची, हत्यारं हवीत आणि आठवड्यातून एक दिवस येऊन शिकवणारा माणूस हवा. चाकण-भोसरीत शब्द टाकू शकणाऱ्यांनी एकेका पोराला कामाला लावून घ्यावं. महिला बचत गटामार्फत बिनव्याजी निधी उभा करतोय. आजारपण, फी, बियाणं यांसाठी कुणाला उचल घ्यावी लागू नये, एवढाच त्याचा हेतू. रक्कम कितीही चालेल. गस्तीला चार चांगल्या बॅटऱ्या मिळाल्या तर तेही मोठं काम होईल.

सावकारानं व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. कागद घेऊन या, अर्ज आम्ही लिहून देऊ. आणि चोरीचं तांबं कोण घेतं हे ठाऊक असेल तर सांगा, घेणाराही गुन्हेगारच.

रोख कुणाच्या हातात देऊ नये. ग्रामपंचायतीच्या खात्यावर चेक द्यावा व पावती घ्यावी. पैशापैशाचा हिशोब २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवू. पोरांची नावं मात्र तिथे कुणी विचारू नयेत.