पाऱ्याचा माग काढायला जाताना

तीर्थरूप आई व बाबा यांस,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितले असते तर आई, तू गप्प झाली असतीस आणि बाबांनी "बरे आहे" म्हणून विषय बदलला असता, म्हणून सविस्तर लिहीत आहे. कॉलेजातील नोकरीचा राजीनामा मी दिला आहे, तो मंजूरही झाला आहे, आणि ऑगस्टअखेर मी तीन वर्षांसाठी कॅनडाला जात आहे. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्तात आणि पिसांत साठलेला पारा मोजायचा आणि त्याचा त्यांच्या उडण्यावर व विणीवर काय परिणाम होतो ते पाहायचे, असे तिथले काम आहे. यंदा गौरी-गणपतीला मी घरी नसेन. हे वाक्य लिहायला मला सर्वांत जड गेले.

कायमची नोकरी सोडून ही पिसे मोजायला निघाली, असे सुधाकाका म्हणतील. त्यांना तुम्ही समजावून सांगावे, म्हणून थोडे खोलात जाते. कोळसा जळतो तेव्हा त्यातला पारा धुराबरोबर वर जातो, महिनोन् महिने हवेत राहतो आणि हजारो किलोमीटर दूर कुठेतरी पावसाबरोबर खाली येतो. २०१५ या एका वर्षात माणसाच्या उद्योगांमुळे जगभर सुमारे २,२०० टन पारा हवेत मिसळला, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे; त्यात सोने वेगळे काढण्यासाठी पारा वापरणाऱ्या लहान खाणींचा वाटा सर्वांत मोठा आणि त्याखालोखाल कोळशाचा. हा पारा खाडीत उतरला की कांदळाच्या मुळांशी असलेल्या त्या काळ्या, कुबट वासाच्या चिखलात, जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथे, जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात, म्हणजे पाऱ्याच्या अधिक विषारी रूपात, रूपांतर करतात. तो शरीरात शिरला की लवकर बाहेर पडत नाही. चिखलातले किडे, ते खाणारे लहान मासे, त्यांना खाणारे मोठे मासे आणि पक्षी, अशा प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते.

बाबा, तुम्ही मला खांद्यावर बसवून जोग नदीच्या मुखाशी नेत होता आणि लांब केशरी चोचीचा कालवफोड्या दाखवत होता, ते मला अजून लख्ख आठवते. कालवाच्या दोन शिंपल्यांच्या फटीत चोच घालून तो ते कसे उघडतो, हे पाहण्यासाठी तुम्ही मला ओल्या वाळूवर पोटावर झोपायला लावले होते आणि घरी आल्यावर आईने आपल्या दोघांनाही खळ्यातच थांबवून पाय धुवायला लावले होते. ते पक्षी रशिया-कझाकस्तानकडच्या नद्या-सरोवरांच्या काठांवरून आपल्याकडे हिवाळा काढायला येतात. पीस उगवत असताना पक्षी आपल्या शरीरातला बराचसा पारा त्या पिसात बाहेर टाकतो आणि पीस पूर्ण वाढले की तो आकडा तिथे कायमचा राहतो. त्यामुळे ज्या गावी पीस उगवले, त्या गावच्या चिखलाची ती नोंदच असते. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी संग्रहालयातल्या जुन्या ससाण्यांची पिसे तपासून १९६६ साली दाखवून दिले होते की, बियाण्यांना पाऱ्याचे औषध लावायला लागल्यानंतर पिसांतला पारा एकदम वाढला. मेलेल्या पक्ष्याच्या पिसाने दिलेली ती साक्ष वाचली, तेव्हाच या कामाने माझ्या मनात घर केले.

लांबच्या उड्डाणात पक्ष्याची चरबी जळते, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्याबरोबर थोडे स्नायूही जळतात, आणि स्नायूंच्या प्रथिनांना चिकटलेला पारा नेमका वाटेत, अंगात ताकद हवी असते तेव्हा, रक्तात मोकळा होतो. कॅनडात पक्ष्यांना प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात उडवून पाहिले, तेव्हा मिथाइल पारा मिसळलेले अन्न खाल्लेले पक्षी उडण्याच्या दमात कमी पडले. तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मादीच्या अंगातला पारा अंड्यातही उतरतो. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांवरच्या लून नावाच्या मासेखाऊ पाणपक्ष्यांत ज्यांच्या रक्तात पारा जास्त, त्यांची अंडी जास्त वेळ उघडी राहतात आणि पिल्ले कमी जगतात. आपल्या किनाऱ्यावर हिवाळा काढणाऱ्या पक्ष्यांचा असा हिशेब मांडण्याची विद्या मला शिकून यायची आहे, आणि शिकून मी परत येणार आहे.

माझी काळजी करू नका. विद्यापीठाजवळ खोली मिळाली आहे, तिथे स्वयंपाक करता येतो, तांदूळ आणि डाळ सगळीकडे मिळते आणि आई, तुझे मेतकूट मी नेणारच आहे. घरची कौले परतून झाली आहेत, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आहे, इन्व्हर्टरची बॅटरी नवी आहे. राधामावशी रोज सकाळ-संध्याकाळ येणार आहेत आणि त्यांचा पगार परस्पर मी पाठवीन, त्यावरून वाद घालू नका. दादाच्या वेळी झाले तसे मी होऊ देणार नाही. रात्री-अपरात्री कधीही फोन करा.

आता थोडे कठोर लिहिते. बाबा, हर्णैच्या मासळी लिलावातून मोरी (शार्क) आणि मोठी सुरमई आणणे आता कमी करा. मोठ्या शिकारी माशांतच पारा अधिक साठतो आणि तो मांसातच असल्याने कितीही शिजवले तरी जात नाही. तारली, मांदेली, बांगडा, कोळंबी खुशाल खा. मासे सोडा असे मी कधीच म्हणणार नाही. तुमच्या उजव्या हाताला कंप येतो, तो पाऱ्यामुळे आहे असे माझे म्हणणे नाही, वयानेही येतो. पण दापोलीला डॉक्टरांना दाखवाच, आणि वैद्यांकडून आणलेली रससिंदुराची पुडीही त्यांना दाखवा, कारण त्यात पाराच असतो.

आई, कपाटातले रक्तदाबाचे पाऱ्याचे जुने यंत्र आता वापरू नका. नवे इलेक्ट्रॉनिक मी पाठवले आहे. जुने फुटलेच तर आधी हातातल्या पाटल्या काढ, कारण पारा सोन्याला चिकटतो. खिडक्या उघड, झाडू अजिबात लावू नकोस, जाड कागदाने थेंब गोळा करून पाणी घातलेल्या बाटलीत घाल आणि झाकण घट्ट लाव. मोरीत ओतू नकोस, ते पाणी शेवटी खाडीतच जाते. बाटली डॉक्टरांना विचारूनच पुढे द्या.

आणि बाबा, किनाऱ्यावर पडलेली पिसे पाकिटात घालून मला पाठवू नका, त्यासाठी वन खात्याची परवानगी लागते. कुरव आणि कालवफोडे ज्या दिवशी पहिल्यांदा दिसतील, तो दिवस दरवर्षीप्रमाणे कॅलेंडरवर लिहा आणि त्या पानाचा फोटो राधामावशींच्या मुलाकडून मला पाठवा.

तुमची,
सुमा