डॉक्टरताई, तुम्ही माझीही पापणी पाहिलीत

प्रिय डॉक्टरताई,

त्या दिवशी गोराईच्या जेट्टीवर तुम्हाला सोडायला आले, तेव्हाच हे बोलायचं होतं. पण बोट सुटायला आली होती आणि माझा गळा भरून आला होता. "सावकाश जा" एवढंच बोलले. राहिलेलं आज लिहिते आहे. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहिते आहे. तुमचं नाव मात्र घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

ढवळी गेली तो श्रावणातला सोमवार. माझ्याकडे बकऱ्या चारच. विकायला नाहीत, कापायला तर नाहीतच. सासऱ्यांनी लावलेली सवय, ते गेल्यावर मी सोडली नाही. ढवळी शेवटच्या दिवसापर्यंत पाला ओढत होती. फक्त चालताना मागे पडायची, आणि जबड्याखाली मऊ थैलीसारखी सूज आली होती. सकाळी जरा कमी, संध्याकाळी बांधाबांधांनी चरून आली की पुन्हा भरलेली.

मी गप्प बसले नव्हते हो. दोन ठिकाणी विचारलं. एकाने लांबूनच पाहून सांगितलं, गळू आहे, पिकलं की फुटेल. दुसऱ्याला मी स्वतः म्हटलं, जंत तर नसतील? तर म्हणाला, हगवण नाही, लेंड्या घट्ट आहेत, मग जंत कसले? वर विचारलं, बकरी कितीची? आणि म्हणाला, एवढ्या खर्चात नवीन येईल. त्याआधी वर्षभर मी एकाच्याच सांगण्यावरून दर महिन्याला चौघींना एकच औषध, एकाच मापाने पाजत होते. बाटलीवर चित्र मेंढीचं. एक महिना चुकवला नाही. आणि तरी माझी ढवळी गेली, हे मला अजून सहन होत नाही.

मग तुम्ही आलात. बोरिवलीहून खाडी ओलांडून, पायांत रबरी बूट, खांद्याला पिशवी. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात मी लेंड्या जमवून ठेवल्या होत्या, तो तुम्ही दोन्ही हातांनी घेतलात. मग सोनीला पकडलंत, अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी अलगद खाली ओढलीत आणि मला जवळ बोलावलंत. आत जिथे तांबडं दिसायला हवं, तिथे भाताच्या पेजेसारखा पांढरा रंग होता. ढवळीचे डोळे मी रोज पाहत होते ताई, पण पापणीच्या आत बघायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

हा रंग ज्या जंतामुळे आला, त्याचा फोटो तुम्ही फोनवर दाखवलात. बोटाच्या पेराएवढा, बारीक, लाल-पांढरा पीळ घातल्यासारखा. त्याचं नाव हिमॉंकस. चौथ्या पोटात चिकटून रक्त पितो, म्हणून हगवण लागत नाही. अंगातलं रक्तच आटत जातं आणि जबड्याखाली पाणी साचतं. एकेक मादी दिवसाला हजारो अंडी घालते, आणि आपल्याकडच्या पावसाळी उबेत आठवड्याभरात त्यांच्या अळ्या ओल्या गवतावर चढून बसतात. बांधावरचं आखूड हिरवं गवत मी कौतुकाने चारत होते!

औषधाचंही तेव्हाच कळलं. बकरीचं शरीर मेंढीपेक्षा लवकर औषध पचवून टाकतं, त्यामुळे मेंढीचं माप बकरीला अपुरं पडतं. त्यात मी वजन न करता अंदाजाने देत होते. अर्धवट मात्रेत जे जंत वाचले, त्यांचीच पिलावळ वाढत गेली, आणि ते औषध त्यांना लागेनासं झालं. "सरसकट सगळ्यांना पाजायचं नाही. बहुतेक जंत थोड्याच बकऱ्यांच्या पोटात असतात, जिची पापणी फिकी तिलाच द्यायचं," असं म्हणालात. बाकी औषधपाण्याचं इथे लिहीत नाही. ज्याच्या-त्याच्या बकरीचं त्याने डॉक्टरांनाच विचारावं.

पण हे पत्र ज्याच्यासाठी आहे, ते पुढेच घडलं. रंग कसा असायला हवा हे मला समजावं म्हणून तुम्ही स्वतःचा चष्मा वर केलात आणि स्वतःची पापणी खाली ओढून दाखवलीत. तांबडी, ओली, स्वच्छ. आणि मग काय वाटलं कोण जाणे, तुम्ही माझ्याकडे वळलात. "ताई, बघू," म्हणालात आणि हात धुऊन, पदराला पुसून (तुमच्याकडे रुमाल होता, तरी तुम्ही माझाच पदर घेतलात) माझी पापणी खाली केलीत. क्षणभर काही बोलला नाहीत. मग हळूच म्हणालात, "तुमचंही रक्त तपासून घ्या. उद्याच जा."

दोन वर्षं मला विहिरीपासून घरापर्यंत धाप लागत होती. एका दवाखान्यात दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा समोरच्याने मान वर न करता ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. घरात म्हणायचे, वय झालं. मीही तेच म्हणत होते. तपासणीत हिमोग्लोबिन साडेसात निघालं. डॉक्टरांनी विचारलं, इथे पाठवलं कोणी? मी सांगितलं, माझ्या बकऱ्यांच्या डॉक्टरांनी.

तुम्ही आला होतात सोनीसाठी. माझ्याकडे बघणं तुमच्या कामात कुठेच येत नव्हतं. त्याचे पैसे नव्हते, कुठे नोंदही झाली नसेल. परळचं तुमचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं, असं तुम्हीच बोलता बोलता सांगितलं होतंत. तिथे काय काय शिकवतात ते मला ठाऊक नाही. पण दारात आलेल्या माणसाचा चेहरा नीट बघण्याची ही सवय तुमच्या आईवडिलांनी लावलेली असणार, असं मला वाटतं. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

आता गवतावरचं दव सुकल्याशिवाय बकऱ्या सोडत नाही. शेवग्याचा आणि सुबाभळीचा पाला उंच टांगून ठेवते, जमिनीवर टाकत नाही. दुसऱ्या वेळच्या लेंड्यांच्या तपासणीत अंडी अगदी थोडी निघाली, हे तुमच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी फोन धरून ओट्यावरच बसले. धाकटी बिजली गाभण आहे. दर पंधरा दिवसांनी तिघींच्या पापण्या बघते, आणि मग आरशात माझीही.

नाताळच्या आधी एकदा या. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी करीन. सोनीची पापणी मला आता तांबडी दिसते, पण तुम्ही एकदा बघितल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडणार नाही.

तुमची,
गोराईची बकऱ्यावाली ताई