हेलिकॉप्टरसाठी जॉयस्टिक नीट लावा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.
इथल्या गांधीनगरच्या आर्मी एव्हिएशन स्कूलची हेलिकॉप्टरं डोक्यावरून जातात, त्यामुळे आपल्या नाशिकच्या पोरांना कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्येही हेलिकॉप्टरचं वेड, पण बरेच जण विमानाचीच सेटिंग ठेवतात अन् हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं, जमत नाही म्हणून सोडून देतात, फार वाईट वाटतं. अहो, हेलिकॉप्टरमध्ये थ्रॉटलने इंजिनचे आरपीएम (मिनिटाला फेरे) सांभाळायचे, ते उडताना जवळपास एकसारखेच राहतात, वर-खाली व्हायला लागतं कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, म्हणून जॉयस्टिकवरचा स्लायडर कलेक्टिव्हलाच द्या, उलटा चालला तर रिव्हर्स करा. सायक्लिकचा, म्हणजे पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेणाऱ्या दांड्याचा, डेडझोन (हलवूनही परिणाम न होणारी मधली जागा) अगदी कमी, सेन्सिटिव्हिटी मधोमध मऊ. नाक वळवणारी पेडल नसतील तर दांडा पिळून चालणारा रडरही चालतो.

आणि एक, सैन्याच्या चेतक-चीता हेलिकॉप्टरांचा मुख्य रोटर (वरचा पंखा) वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून कलेक्टिव्ह ओढलं की नाक डावीकडे पळतं, उजवं पेडल द्यावं लागतं. बेल, रॉबिन्सन कंपन्यांच्या हेलिकॉप्टरांचं बरोब्बर उलटं. हे कोणी सांगितलंच नाही तर मशीन गरागरा फिरणारच ना!

सुट्ट्या लागायच्या आत तुमच्या पुरवणीत हे आकृतीसकट छापा, ही मनापासून विनंती.
– एक वाचक, उपनगर, नाशिक