बँकेनं कापलेल्या 590 रुपयाचं

बाळा,

काल फोनवर तू नुसताच चिडायलास, म्हणून लिहून पाठवायलोय, निवांत वाच. 590 म्हणजे 500 चार्ज आणि वरून 18 टक्के जीएसटी. कशाचे, तर मोबाईलचा हप्ता 5 तारखेला अन् पगार 7 ला, खात्यात पैसे नव्हते, हप्ता बाऊन्स. आता फायनान्सवाला त्याचा बाऊन्स चार्ज वेगळा लावील, आणि त्यानं परत हप्ता टाकला अन् तेव्हाबी पैसे नसले तर बँक परत कापणार. बँकेशी भांडत बसण्यापेक्षा हप्त्याची तारीख 10 करून मिळती का ते विचार आधी.

दुसरं, जुन्या कंपनीचं खातं. पगार यायचा बंद होऊन काही महिने झाले की ते झिरो बॅलन्सचं राहत नाही, साधं सेव्हिंग होतंय अन् मिनिमम बॅलन्स लागू. तू म्हणतोस महिन्याच्या शेवटी 5,000 टाकले की झालं, तसं नसतंय. रोज रात्रीच्या शिलकीची बेरीज करतेत अन् दिवसानं भागतेत. 5,000 सरासरी पाहिजे तर 30 दिवसाची बेरीज दीड लाख यायला पाहिजे, शेवटच्या दिवशी टाकलेल्या 5,000 ची सरासरी 167 रुपये. उलट 30,000 पाच दिवस ठेवून काढून घेतले तरी भागतंय, हे कुणी सांगत नाही. स्टेट बँकेनं हा दंड 2020 लाच काढलाय, तुझ्या बँकेत असेल तर ते खातं बंदच कर, कशाला पोसायचं. आणि नुसत्या या दंडापायी बँकेला खातं मायनसमधी नेता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा 2015 पासूनचा नियम आहे. नेलं तर लेखी तक्रार दे, 30 दिवसात उत्तर नाही आलं की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन, फुकट होतंय.

राहिला तो ओव्हरड्राफ्टचा, म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाबी बँकेकडून उचलता येणाऱ्या उधारीचा मेसेज. लिमिट दाखवतेत म्हणजे पैसे आपले नसतेत. मोंढ्यातल्या दुकानाचं सीसी (कॅश क्रेडिट, धंद्यासाठीची उधारी) खातं तसंच चालतंय, जेवढे उचलले तेवढ्यावर, तेवढ्याच दिवसाचं व्याज, म्हणून मी गल्ल्यातले पैसे रोजच्या रोज भरतो. पण दुकानात रोज पैसे येतेत, तुला महिन्यातून एकदा. प्रोसेसिंग चार्ज किती ते विचारल्याशिवाय हो दाबू नको.

तीन महिन्याचं स्टेटमेंट काढून व्हॉट्सॲपवर टाक, दुकान बंद केल्यावर बघतो.

पप्पा